दोनदा रद्द झालेली गुलामगिरी आणि ग्वादलूपचा व्हिक्टर यूग

मेघवेळ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात शाळेत फ्रेंच शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात राज्यक्रांतीवरचा उतारा होता. फळ्यावर मी दोन तारखा लिहिल्या : ४ फेब्रुवारी १७९४, फ्रान्सने वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली. २७ एप्रिल १८४८, फ्रान्सने वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅम, एकदा रद्द केली होती ना? मग परत काय रद्द केलं?" तास संपायला चार मिनिटं होती. "मध्ये नेपोलियनने पुन्हा सुरू केली," एवढं सांगून मी पुढच्या वर्गावर गेले, आणि ते उत्तर दिवसभर टोचत राहिलं. सही पॅरिसमध्ये झाली हे खरं. पण ग्वादलूपसारख्या कॅरिबियन बेटावर जाऊन तो कागद कोणी वाचून दाखवला? आणि सुटलेल्या माणसांना पुन्हा मळ्यावर कोणी उभं केलं? शोधायला बसले तर दोन्ही ठिकाणी एकच नाव आलं, व्हिक्टर यूग. त्याच्याबद्दल मराठीत जवळपास काहीच नाही, म्हणून हा धागा.

यूगचा जन्म १७६२ चा, मार्सेय बंदरातला, व्यापारी घरातला. तरुणपणीच तो सँ-दोमँगला, म्हणजे आजच्या हैतीत गेला आणि पोर्तो-प्रॅन्समध्ये धंद्यात स्थिरावला. तिथे गुलामांचं बंड पेटल्यावर तो फ्रान्सला परतला. क्रांतीच्या न्यायालयांमध्ये रोशफोर आणि ब्रेस्त इथे तो सरकारी फिर्यादी होता. म्हणजे माणसाला कागद, बंदर आणि गिलोटिन या तिन्हींची सवय होती.

एप्रिल १७९४ मध्ये दोन फ्रिगेट (युद्धनौका), काही वाहतुकीची जहाजं आणि अकराशेच्या आसपास सैनिक घेऊन तो निघाला. पदाचं नाव कमिसार, पण अधिकार गव्हर्नरचे. बरोबर दुसरा कमिसार होता क्रेतियँ. पेटीत गुलामगिरी रद्द केल्याचा हुकूमनामा आणि जहाजावर गिलोटिन. हे दोन्ही एकाच जहाजातून बेटावर उतरले, ही गोष्ट मला वाचल्यापासून सोडत नाही.

ते निघाले त्या सुमारासच इंग्रजांनी ग्वादलूप जिंकलं होतं. यूगला ते पोचल्यावर कळलं. परत फिरायला कारण पुरेसं होतं. तो फिरला नाही. २ जूनला गोझिएजवळ माणसं उतरवली, चार दिवसांत रात्रीचा हल्ला करून फ्लर-देपेचा किल्ला घेतला आणि प्वांत-आ-पीत्र शहर ताब्यात आलं. ७ जूनला त्याने हुकूमनामा जाहीर केला. बेटावर तेव्हा नव्वद हजारांच्या आसपास माणसं गुलाम होती.

पुढचे सहा महिने लढाई चालली. पीतज्वराने दोन्ही बाजूंची माणसं पटापट मेली, क्रेतियँही त्यातच गेला. यूग उरला आणि एकटाच सत्ताधारी झाला. ज्यांना काल मोकळं केलं त्यांच्याच हाती त्याने बंदुका दिल्या. गोरे, मिश्रवर्णी आणि काळे एकाच पलटणीत आले. ऑक्टोबरमध्ये बेरव्हीलच्या छावणीत इंग्रजांनी शरणागती पत्करली. इंग्रज शिपायांना जाऊ द्यायचं ठरलं. त्यांच्या बाजूने लढलेल्या फ्रेंच राजपक्षीयांना मात्र ती मुभा नव्हती. त्यांच्यातल्या फक्त पंचवीस जणांना एका झाकलेल्या होडीतून जाता आलं. मागे राहिले त्यांतल्या काहींची डोकी गिलोटिनखाली गेली, आणि ते काम फार सावकाश होतंय म्हणून बाकीच्यांना खंदकाच्या काठावर उभं करून गोळ्या घातल्या. डिसेंबरात शेवटचे इंग्रज बास-तेरचा किल्ला सोडून गेले. तिथे पुरलेल्या इंग्रज जनरल डंडासचं प्रेत यूगने उकरून बाहेर काढायला लावलं. डंडास जूनमध्येच तापाने मेला होता.

इथवर वाचून कोणी म्हणेल, क्रूर होता पण मुक्तिदाता होता. अडचण यापुढे सुरू होते. हुकूमनामा जाहीर केल्यावर थोड्याच दिवसांत त्याने दुसरा जाहीरनामा काढला : जे सैन्यात नाहीत त्यांनी आपापल्या मळ्यावर परतावं, जो काम करणार नाही तो देशद्रोही. "गुलाम" हा शब्द कागदावरून गेला, त्याजागी "कुळवाडी नागरिक" आला. ठरलेली मजुरी मात्र हाती पडली नाही. जी पळून गेलेल्या मालकांची शेतं होती ती सरकारजमा झाली, त्यामुळे मळ्याचा मालकही आता सरकारच. १७९५ च्या संविधानाने वसाहतींना फ्रान्सचेच कायदे लागू केले. यूग आणि त्याचा सहकारी लेबा यांनी ते ग्वादलूपमध्ये लागू होऊ दिलं नाही. इथे संविधान आलं तर वसाहत बुडेल, असं त्यांचं म्हणणं.

यूग पुढे कायेनला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात गेला. तो भाग स्वतंत्र लिहिते, तोच जास्त जड आहे. तोवर कोणाला या भागाची माहिती असेल तर जरूर लिहा.


पहिलापाऊस | सोमवार, रात्री १०:०५

मेघवेळताई, सुरुवातीला मला वाटलं कादंबरीकार ह्यूगोबद्दलच आहे आणि स्पेलिंग चुकलंय. हा वेगळाच माणूस निघाला. वाचतोय. एक प्रश्न : हा हुकूमनामा सगळ्या फ्रेंच वसाहतींना लागू झाला का?


मेघवेळ | सोमवार, रात्री १०:२०

@पहिलापाऊस, कागदावर सगळ्यांना, प्रत्यक्षात नाही. सँ-दोमँगमध्ये गुलामांनी बंड करून १७९३ मध्येच ते मिळवलं होतं. ग्वादलूप आणि फ्रेंच गयानात तो पोचला. मार्तिनिक इंग्रजांच्या ताब्यात होतं, तिथे पोचलाच नाही. म्हणजे दोन शेजारची बेटं, मधे जेमतेम दीड-दोनशे किलोमीटर अंतर, आणि मार्तिनिकच्या माणसांना १८४८ पर्यंत वाट बघावी लागली. नाव फ्रेंचमध्ये "यूग" असंच उच्चारतात, पहिला "ह" मुका.


तांडेल_रत्नांग्री | मंगळवार, पहाटे ५:५०

नमस्कार. मी व्यापारी जहाजावर इंजिनरूममध्ये आहे, आत्ता वॉच संपवून लिहितोय. प्वांत-आ-पीत्रला आमचं जहाज दोनदा लागलंय. तुमचा धागा वाचून अंगावर काटा आला, कारण त्या चौकात मी बसलो आहे आणि तेव्हा मला यातलं काहीएक माहीत नव्हतं.

बंदराला लागूनच एक छोटी खाडीसारखी जागा आहे, तिला दार्स म्हणतात. सकाळी मासेवाल्या होड्या तिथे लागतात, आपल्या मिरकरवाड्यासारखीच गडबड. त्याला लागून मोठा चौक, प्लास द ला व्हिक्तोआर, म्हणजे विजय चौक. इंग्रजांवर मिळवलेल्या विजयाचं नाव, यूगच्याच काळातलं. त्या चौकात गिलोटिन उभं असायचं, हे मला दुसऱ्या खेपेला तिथल्या एका म्हाताऱ्या फळवालीने सांगितलं. तिने डोक्याला चौकड्यांचं कापड बांधलं होतं. विचारलं तर म्हणाली, "मद्रास." कापडाचं नावच मद्रास! आपल्याकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून गेलेलं कापड तिकडे बायकांचा पारंपरिक पोशाख झालाय.

चौकात काही जुनी झाडं आहेत, फ्रेंचमध्ये साब्लिए. यूगच्या वेळी लावलेल्या झाडांपैकी म्हणून दाखवतात. खोड बघितलं तर हात लावायची हिंमत होत नाही, बुंध्यापासून वरपर्यंत जाड आखूड काटे. फळ वाळलं की फटाक्यासारखं फुटून बिया लांब उडतात. त्या बाईने सांगितलं, "मुलांना आम्ही याच्याखाली खेळू देत नाही."

पाण्याच्या कडेलाच, थोडं पुढे, गुलामगिरीचं मोठं संग्रहालय आहे. २०१५ ला उघडलं. पूर्वी तिथे दार्बुसिए नावाचा साखर कारखाना होता. काळी इमारत आणि तिच्यावर चंदेरी जाळी, झाडाच्या मुळांसारखी. आम्हाला चार तासांचीच सुट्टी होती, त्यातले दोन मी तिथे घालवले. बाहेर आलो तेव्हा कोणाशी बोलावंसं वाटेना.

यूगने खाजगी लुटारू जहाजं पोसली होती, त्यावर कोणी लिहील का? आम्हा दर्यावर्दींना त्यात रस.


अर्धविराम | मंगळवार, सकाळी ११:१५

मेघवेळ, धागा उत्तम, पण थोडी दुसरी बाजू मांडतो.

यूगकडे हजार-बाराशे माणसं होती, त्यांतली अर्धी तापाने आडवी. समोर जगातलं सर्वांत बलाढ्य आरमार. त्या अवस्थेत त्याने बेट परत घेतलं आणि चार वर्षं राखलं. नुसतं राखलं नाही, शेजारच्या इंग्रजी बेटांची झोप उडवली. १७९५ मध्ये सेंट लुसियातून इंग्रजांना निघावं लागलं. ग्रेनेडात फेदोंचा उठाव, सेंट व्हिन्सेंटवर तिथल्या कॅरिब लोकांचं इंग्रजांशी युद्ध, या दोन्हींना ग्वादलूपहून दारूगोळा आणि माणसं जात होती. गुलामांना सैनिक करून हे घडलं. इंग्रजांच्या मळेवाल्यांना तोफांपेक्षा त्या हुकूमनाम्याची भीती जास्त वाटत होती.

तांडेलसाहेब, लुटारू जहाजांबद्दल : यूगने परवाने वाटले आणि ही जहाजं इंग्रज, मग अमेरिकन, दोघांचाही माल पकडू लागली. जून १७९७ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेपुढे फ्रेंचांनी पकडलेल्या जहाजांचा आकडा ठेवला, तो तीनशेच्या वर होता. कॅरिबियनमधल्या धरपकडीत ग्वादलूपचा वाटा मोठा. फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात १७९८ ते १८०० जे अघोषित सागरी युद्ध झालं त्याचं हे एक मुख्य कारण. त्या जहाजांवर कालचे गुलाम खलाशी म्हणून होते आणि लुटीत त्यांचा हिस्सा असे. मळ्यावर न मिळालेला पैसा काहींना समुद्रावर मिळाला.

मळ्यावर सक्ती केली हे मान्य. पण साखर-कॉफी निघाली नसती तर बंदुकीची दारू कशाने घेतली असती? युद्धाच्या काळातल्या माणसाला शांततेच्या काळातले नियम लावू नयेत असं मला वाटतं.


कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी २:३०

अर्धविराम, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर ऊस लावणारा म्हणून बोलतो. आमचं घर तीन पिढ्या उसात आहे, सांगलीकडे.

ऊस तोडला की थांबत नाही. चोवीस तासांत गाळला गेला पाहिजे, फार तर आणखी एक दिवस. वजन घटतं, साखर उतरते, रस आंबतो. त्या काळी तर मळ्यावरच चरक, शेजारीच कढयांची रांग, एका कढईतून दुसरीत रस उलटत न्यायचा. आमच्या गुऱ्हाळात लहानपणी मी चुलवाणापाशी जाळ घालायला बसलेलो आहे. कढई उतरवायची वेळ पाच मिनिटं चुकली तर अख्खं आदण जातं. गुऱ्हाळाच्या दिवसांत घरात कोणी धड झोपत नसे, आणि ते आमचं स्वतःचं होतं, स्वतःच्या मर्जीनं.

म्हणून सांगतो, उसाच्या मळ्यावर माणूस "थोडा मोकळा" असू शकत नाही. ज्याला सुगीत पुरी माणसं पाहिजेत त्याच्यापुढं दोनच वाटा असतात : मजुरी द्यायची नाहीतर सक्ती करायची. यूगनं मजुरी जाहीर केली आणि दिली नाही. लुटीच्या जहाजांतून बंदरात पैसा येत होता, हे तुम्हीच लिहिलंय. मग दारूगोळ्याला पैसा नव्हता म्हणून मजुरी नाही, हे कसं पटावं? पैसा होता. तो मळ्यापर्यंत पोचवायचा नव्हता.


अर्धविराम | मंगळवार, दुपारी ३:०५

कृष्णाकाठ, मुद्दा रास्त आहे. लूट आणि मजुरी या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या.


मेघवेळ | मंगळवार, रात्री ९:१०

तांडेलदादा, तुमचा प्रतिसाद या आठवड्यात वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना? आता कायेन.

नोव्हेंबर १७९८ मध्ये नवा प्रतिनिधी म्हणून जनरल देफुर्नो ग्वादलूपला उतरला आणि यूगची रवानगी फ्रान्सला झाली. त्याच वर्षी त्याने बेटावरच्याच एका गोऱ्या क्रेओल (वसाहतीतच जन्मलेल्या) घराण्यातल्या मुलीशी, अँजेलिक जाकँशी लग्न केलं होतं. वर्षभराने त्याला दुसरी वसाहत मिळाली, फ्रेंच गयाना. जानेवारी १८०० मध्ये तो कायेनला पोचला. गुलामगिरी इथेही १७९४ पासून रद्द होती.

२० मे १८०२ च्या कायद्याने बोनापार्टने, जिथे हुकूमनामा पोचलाच नव्हता त्या मार्तिनिकसारख्या ठिकाणी गुलामगिरी कायम ठेवली. ग्वादलूप आणि गयानासाठी वेगळे आदेश निघाले. गयानाचा आदेश डिसेंबर १८०२ चा. १८०३ मध्ये तो अमलात आणला यूगने. ग्वादलूपला जाहीरनामा वाचणारा हात आणि कायेनला हा आदेश वाचणारा हात एकच, मधे नऊ वर्षं. त्याने राजीनामा दिला नाही. स्वतः मळेवाला झाला, गुलाम ठेवून. माणसं जंगलात पळाली, मागे तुकड्या पाठवल्या गेल्या.

ग्वादलूपला तेव्हा यूग नव्हता. तिथे मे १८०२ मध्ये जनरल रिशपाँस सैन्य घेऊन उतरला. त्याच्याविरुद्ध उभा राहिला लुई देल्ग्रेस, मार्तिनिकमध्ये जन्मलेला मिश्रवर्णी अधिकारी. यूगच्या काळात हाच देल्ग्रेस सेंट लुसिया आणि सेंट व्हिन्सेंटला प्रजासत्ताकासाठी लढून इंग्रजांचा कैदी झाला होता. १० मे ला त्याने बास-तेरमध्ये "सगळ्या विश्वाला" उद्देशून जाहीरनामा लावला. २८ मे ला मातुबाच्या डोंगरात, चहूबाजूंनी वेढले गेल्यावर, त्याने आणि सुमारे तीनशे माणसांनी स्वतःच दारूगोळ्याला बत्ती दिली. फ्रेंच सैनिक जवळ येईपर्यंत थांबून.

यूग आणि देल्ग्रेस, दोघांनी एकाच प्रजासत्ताकाची चाकरी केली होती. अर्धविराम, युद्धकाळ-शांतताकाळ हा फरक मलाही आधी पटला होता. कायेनला तेव्हा वेढा नव्हता, ताप नव्हता, समोर इंग्रज आरमार नव्हतं. तरीही त्याने तेच केलं, म्हणून माझं मत बदललं. मला वाटतं यूगच्या लेखी गुलामगिरी रद्द होणं हा सैन्य उभारायचा हुकूम होता. सैन्याची गरज संपली तेव्हा हुकूम संपला. देल्ग्रेसच्या लेखी तसं नव्हतं, कारण तो कागद त्याच्या स्वतःच्या माणसांबद्दल होता.


केवडा | मंगळवार, रात्री ११:२५

मेघवेळ, कायेनच्या शेवटाचा धागा आमच्या गोव्याच्या इतिहासाला लागतो, म्हणून लिहितो.

नेपोलियनचं सैन्य लिस्बनवर चालून आलं तेव्हा पोर्तुगालचा राजपुत्र दों जुआंव सगळा दरबार जहाजांवर घालून ब्राझीलला गेला. १८०८ मध्ये रिओला पोचल्यावर फ्रान्सशी युद्ध पुकारलं आणि पहिली चढाई केली ती शेजारच्या कायेनवर. पोर्तुगीज सैन्य मनुएल मार्केश याच्या हाताखाली आणि सोबत इंग्रज कप्तान येओचं 'कॉन्फियन्स' जहाज. यूगचा स्वतःचा मळा कालव्याच्या काठी होता, लढाई तिथेच पोचली आणि त्याचं घर जाळलं गेलं. १२ जानेवारी १८०९ ला त्याने शरणागती लिहून दिली. १८१७ पर्यंत कायेनवर पोर्तुगीज झेंडा होता.

त्याच वेळी गोव्यात काय चाललं होतं? पोर्तुगीज झेंडा होता पण काबो, आग्वाद, मुरगाव इथे इंग्रज पलटणी बसल्या होत्या, १७९९ पासून १८१३ पर्यंत. कारण दिलं होतं फ्रेंचांचं आणि टिपूचं. टिपूचे वकील १७९८ मध्ये फ्रेंच मॉरिशसला गेले, तिथला गव्हर्नर मालार्तिक याने उघडपणे जाहीरनामा लावून स्वयंसेवक मागवले. मंगळूरला उतरली ती शंभरदेखील माणसं नव्हती, पण इंग्रज गव्हर्नर-जनरल वेलस्लीला टिपूवर चालून जायला तेवढं निमित्त पुरलं.

आता तुमच्या विषयाशी संबंध. याच मालार्तिकच्या मॉरिशसमध्ये १७९६ ला पॅरिसचे दोन प्रतिनिधी गुलामगिरी रद्द केल्याचा हुकूमनामा घेऊन आले होते, बाको आणि ब्युर्नेल. मळेवाल्यांनी त्यांना दोन-चार दिवसांत जहाजावर चढवून हाकलून दिलं. त्यातला ब्युर्नेल पुढे कुठे गेला? कायेनला, गव्हर्नरच्या जागी. आणि त्याच्या जागेवर १८०० मध्ये आला तो यूग. हिंदी महासागरातून हाकललेला माणूस उठतो आणि अटलांटिकच्या काठावर याच गोष्टीत पुन्हा भेटतो, हे मला बघून नवल वाटलं.

कृष्णाकाठ यांच्यासाठी एक : कायेन घेतल्यावर पोर्तुगीजांनी तिथल्या सरकारी बागेतली रोपं ब्राझीलला नेली, लवंग, जायफळ वगैरे. ताहितीकडून आलेला जाड रसाळ ऊसही कायेनहूनच ब्राझीलला गेला, म्हणून तिथे त्या जातीला अजून 'काना कायाना' म्हणतात, कायेनचा ऊस.


कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ७:१०

केवडा, ही माहिती वडिलांना वाचून दाखवली. उसाच्या जातीचं बेणं कुठून कुठं जातं ते त्यांना तोंडपाठ असतं. ते एवढंच म्हणाले, "बेणं गेलं म्हणजे तोडायला माणसंबी तशीच लागली असणार." ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ पर्यंत होती.


गोधडी | बुधवार, दुपारी १२:४५

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मला एक गोष्ट राहून राहून वाटतेय. हुकूमनामा, पलटण, लुटीचा हिस्सा, सगळं पुरुषांच्या वाट्याला आलं. मोकळं होण्याचा खरा मार्ग सैन्य हाच होता, आणि तो बायकांना बंद. पुरुष पलटणीत आणि जहाजांवर गेले, मळ्यावर मागे राहिल्या त्यांत बायकांचं प्रमाण वाढलं. म्हणजे "कुळवाडी नागरिक" हे नाव सगळ्यांत जास्त कोणाच्या खांद्यावर पडलं ते लक्षात येतं.

यूगच्या अमदानीत बेटावरच्या नागरिकांची नावनिशीवार शिरगणती झाली. त्यात रंगाचे रकाने होते : गोरे, लाल, काळे. लाल म्हणजे मिश्रवर्णी. समान नागरिक म्हणायचं आणि वही उघडली की पहिला रकाना रंगाचा. पण त्याच वहीत पहिल्यांदा त्या बायकांची नावं माणूस म्हणून आली. आधी ती मालकाच्या मालमत्तेच्या यादीत असत, वय आणि किमतीसह. एकाच कागदाकडे बघून मला बरंही वाटतं आणि वाईटही, दोन्ही खरं आहे.

आणि सोलित्यूद. मेघवेळ, वर्गात तिचं नाव जरूर घ्या. १८०२ च्या लढ्यात ती पकडली गेली तेव्हा गरोदर होती. म्हणून शिक्षा बाळंतपणापर्यंत थांबवली. २९ नोव्हेंबर १८०२ ला, मूल जन्मल्यावर लगेच, तिला मृत्युदंड दिला. ते मूल जन्मलं तेव्हा गुलामगिरी परत आलेली होती, म्हणजे ते कोणाच्या तरी मालकीचं झालं. शिक्षा का थांबवली होती ते त्यावरून कळतं. मला यापुढे काही लिहवत नाही.


तांडेल_रत्नांग्री | बुधवार, संध्याकाळी ६:२०

गोधडीताई, सोलित्यूदचा पुतळा मी बसमधून बघितला आहे. प्वांत-आ-पीत्रला लागून लेझाबीम आहे, तिथल्या रस्त्याच्या मधोमध. बाई उभी, दोन्ही हात कमरेवर, पोट पुढे आलेलं. रस्त्याचं नावच वीरांचा मार्ग, तिथे देल्ग्रेस आणि त्याचा लढ्यातला साथीदार इन्यास यांचेही पुतळे आहेत. बास-तेरच्या जुन्या किल्ल्याला आता देल्ग्रेसचं नाव आहे. यूगचा पुतळा मला कुठे दिसला नाही.

मेघवेळताई, वर्गात वाचा की, विचारायचं काय त्यात.


पहिलापाऊस | बुधवार, रात्री ८:००

यूगला पुढे काही शिक्षा झाली का?


अर्धविराम | बुधवार, रात्री ८:३५

झाली नाही. चौकशी झाली ती कायेन फारसा न लढता दिल्याबद्दल, आणि त्यातूनही १८१४ मध्ये सुटला. माणसांना पुन्हा गुलाम केल्याबद्दल कोणी विचारलंच नाही. ती सरकारी आज्ञा होती ना. कायेन फ्रान्सला परत मिळाल्यावर तो तिकडेच गेला आणि खाजगी मळेवाला म्हणून १८२६ मध्ये तिथेच मेला.

काल मी जी दुसरी बाजू मांडली तिच्यातला लढाईचा भाग अजूनही मला खरा वाटतो. सेंट लुसिया, ग्रेनेडाची ती दोन वर्षं खरीच होती, त्या माणसांनी बंदूक हातात घेतली हेही खरं. पण त्याचं श्रेय मी यूगच्या खात्यावर टाकत होतो. ते त्या माणसांचं आहे.


मेघवेळ | शुक्रवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तो तास झाला.

तांडेलदादांचा प्रतिसाद वाचून दाखवला, काटेरी झाडाचं चित्र फळ्यावर काढलं. केवडा यांनी लिहिलेलं मॉरिशस आणि टिपूचं सांगितल्यावर पोरं एकदम सावरून बसली, कारण टिपू त्यांना माहीत आहे. सोलित्यूदचं सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही. वर्ग गप्प होता.

मग ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला मी म्हटलं, आता तूच सांग, परत काय रद्द केलं. ती फळ्याशी आली. तिने खडूने एक आडवी रेघ ओढली आणि विचारलं, "मॅम, ग्वादलूपमध्ये १८४८ ला नक्की कधी?" २७ मे, मी सांगितलं. तेव्हा तिथे सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास माणसं सुटली.

तिने रेघेवर सुरुवातीला लिहिलं, १७८८, एक मुलगी जन्मली. गुलाम. १७९४, वय सहा. मोकळी. १८०२, वय चौदा. गुलाम. मग खडू बराच वेळ तसाच धरून उभी राहिली, बोटांवर मोजत. रेघेच्या टोकाला तिने लिहिलं, १८४८, वय साठ. मोकळी.

घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. एकाने मागून विचारलं, "साठ वर्षं जगली असेल का ती, ऊस तोडून?" मी फळा पुसला नाही. पुढचा तास गणिताचा होता, सरांना सांगितलं की आज अर्धा फळा वापरा.